लाल बैलाची दावण: फाएंझाच्या रेसिंग संघाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूजच्या एका कारखान्यात गेअरचे दात मोजण्यात माझी वीस वर्षं गेली. शर्यतीच्या रविवारी संध्याकाळी साडेसहानंतर मात्र मी कुणाचा फोन घेत नाही. त्यामुळेच असेल, गल्लीत आणि नात्यात सगळ्यांना कळलंय की याला रेसिंगचं वेड आहे. मग प्रश्न येतात. लातूरचा भाचा विचारतो, परभणीचे मामा विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी माणूसही विचारतो. बहुतेक प्रश्न फिरून फिरून एकाच संघापाशी येतात: इटलीतला तो छोटा संघ, जो नवी पोरं आणतो, त्यांना फॉर्म्युला वनच्या गाडीत बसवतो आणि त्यातल्या बऱ्याच जणांना दोन-तीन वर्षांत घरी पाठवतो. उत्तरं एकदाची लिहून टाकली.

हा संघ नेमका कोणता? दर वेळी नाव वेगळं ऐकू येतं.

संघ एकच, गाव एकच, पाट्या पाच. १९८५ ते २००५ मिनार्डी, २००६ ते २०१९ टोरो रोसो, २०२० ते २०२३ अल्फाटाउरी, २०२४ला आरबी आणि २०२५पासून रेसिंग बुल्स. टोरो रोसो म्हणजे इटालियनमध्ये लाल बैल. मालक रेड बुल, एनर्जी ड्रिंक विकणारी कंपनी, म्हणून हे नाव. आमच्याकडे पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात, तिकडे बैल आख्खाच रंगवलाय, असं मी पोरांना सांगतो.

गाव फाएंझा. उत्तर इटलीतलं जुनं, छोटं गाव, इमोलाच्या रेस ट्रॅकपासून जवळ. रेसिंगच्या कितीतरी आधीपासून ते मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. झिलईच्या भांड्यांना युरोपात ‘फायान्स’ म्हणतात, तो शब्द याच गावाच्या नावावरून आला. पैठणीमुळे पैठणचं नाव जसं गावाबाहेर गेलं, तसंच.

मिनार्डी हा संघ खरंच इतका गरीब होता का?

हो. आणि तरी मला तोच जास्त आवडतो, हे आधीच कबूल करतो.

जियानकार्लो मिनार्डी या फाएंझाच्या माणसाने आधी फॉर्म्युला टू, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवर, संघ चालवला आणि १९८५ला ब्राझीलच्या शर्यतीत फॉर्म्युला वनमध्ये पाऊल ठेवलं. तेही एकाच गाडीनिशी. चालक पिएरलुइजी मार्टिनी. पुढची एकवीस वर्षं हा संघ टिकला, ३४० शर्यतींना उतरला, आणि एकदाही पहिल्या तिघांत आला नाही. सर्वांत चांगला निकाल चौथा क्रमांक, तोही फक्त तीनदा. १९९०ला अमेरिकेत फीनिक्सच्या शर्यतीत मार्टिनी पहिल्या रांगेतून सुटला, त्याची आठवण जुने चाहते अजून काढतात. एकवीस वर्षांची सगळी कमाई ३८ गुण.

पण या दारातून आत कोण आलं ते बघा. अलेस्सांद्रो नानिनी, जियानकार्लो फिसिकेला, यार्नो ट्रुली, फर्नांडो अलोन्सो, मार्क वेबर. पाचही जणांची फॉर्म्युला वनमधली सुरुवात मिनार्डीच्या गाडीत झाली आणि पाचही जणांनी पुढे दुसऱ्या संघांसाठी शर्यती जिंकल्या. अलोन्सो २००१ला मेलबर्नला पहिल्यांदा उतरला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पुढे २००५ आणि २००६ असे सलग दोनदा तो जगज्जेता झाला.

यामागे काही थोर धोरण होतं असं समजू नका. नावाजलेल्या चालकाचा पगार परवडत नव्हता, म्हणून नवे घ्यायचे. शिवाय काही जण स्वतःचे प्रायोजक घेऊन यायचे, त्या पैशावर हंगाम निघायचा. म्हणजे एका गाडीत भावी जगज्जेता आणि दुसऱ्या गाडीत पैसे आणणारा, असंही व्हायचं. कोरडवाहू शेतकरी जसा मिळेल ते बियाणं पेरतो आणि त्यातलं एखादं वाण सोनं निघतं, तसला प्रकार.

एक प्रसंग सांगतोच. २००२, मेलबर्न. वेबरची पहिलीच शर्यत, तीही स्वतःच्या देशात. तेव्हा संघाचा मालक पॉल स्टॉडर्ट, तोही ऑस्ट्रेलियन. पहिल्याच वळणावर पुढच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या, निम्मं मैदान मोकळं झालं आणि वेबरने मिनार्डी पाचवी आणली. दोन गुण. जिंकणाऱ्यांचा समारंभ आटोपल्यावर लोकांनी एवढा गोंगाट केला, की पाचव्या आलेल्या वेबरला आणि मालकाला त्या चौथऱ्यावर चढवावं लागलं.

मग रेड बुलने असा हरणारा संघ कशाला विकत घेतला?

इथे लातूरच्या क्लासची तुकडी-पद्धत समजून घ्यावी लागते, ती खाली सांगतोच.

रेड बुलची ज्युनियर टीम २००१ला उभी राहिली. ती चालवणारा माणूस हेल्मुट मार्को, ऑस्ट्रियाचा. शिक्षणाने कायद्याचा डॉक्टर, पण आधी स्वतः रेसर. १९७१ची ले मान्सची चोवीस तासांची शर्यत त्याने जिंकली. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये समोरच्या गाडीच्या चाकाखालून उडालेला दगड हेल्मेटची काच फोडून आत गेला आणि डावा डोळा गेला. चालवणं संपलं. मग त्याने आयुष्यभर पोरं निवडली. २०२५च्या शेवटी त्याने हे काम सोडलं.

तर ज्युनियर टीममध्ये कार्टिंगपासून (म्हणजे पोरांच्या छोट्या, उघड्या गाड्यांच्या शर्यतींपासून) पोरं उचलायची, खर्च कंपनीने करायचा आणि दरवर्षी निकाल बघून कुणाला ठेवायचं ते ठरवायचं. अडचण वरच्या टोकाला होती. फॉर्म्युला वनमध्ये रेड बुलचा स्वतःचा संघ २००५ला आला, पण एका संघात जागा दोनच. तिथे जिंकायचं असतं, तिथे शिकाऊ उमेदवार बसवणार कसा? म्हणून दुसरा संघ हवा होता. मिनार्डी विक्रीला होता. सप्टेंबर २००५मध्ये व्यवहार जाहीर झाला आणि नोव्हेंबरपासून ताबा गेला. कारखाना फाएंझातच राहिला. प्रमुख म्हणून फ्रान्झ टोस्ट आले ते थेट २०२३पर्यंत राहिले.

लातूरच्या क्लासमध्ये दर आठवड्याला टेस्ट, भिंतीवर यादी, यादीप्रमाणे तुकडी. माझ्या भाच्याला एका क्लासने एका टेस्टच्या जोरावर पहिल्या तुकडीतून तिसरीत टाकलं होतं, पोरगं आठ दिवस नीट जेवलं नाही. फाएंझा म्हणजे तीच तुकडी-पद्धत, फक्त यादी जगभर टीव्हीवर दिसते. मिनार्डी नवी पोरं घ्यायचा कारण दुसरं परवडत नव्हतं. रेड बुलने तीच गोष्ट ठरवून, पैसे ओतून केली. बाहेरून दोन्ही सारखं दिसतं, पण मिनार्डीकडे पोराला वेळ मिळायचा, कारण कुणालाच घाई नव्हती. रेड बुलच्या राज्यात गाडी चांगली मिळाली आणि वेळ गेला.

मोन्झाची ती शर्यत एवढी का गाजली?

१४ सप्टेंबर २००८. इटलीची शर्यत, मोन्झा, धो धो पाऊस. सेबास्टियन फेटेल, वय २१ वर्षं ७३ दिवस. शनिवारी त्याने सर्वांत वेगवान फेरी मारून पहिली जागा घेतली, तेव्हा लोक म्हणाले पावसाची करामत. रविवारीही पाऊस, सुरुवात सेफ्टी कारच्या (सगळ्यांचा वेग आवरणाऱ्या गाडीच्या) मागून. समोर मोकळा रस्ता मिळाला आणि पोराने तो शेवटपर्यंत कुणाला दिला नाही. दुसरा आलेला कोवालाइनेन बारा सेकंदांहून जास्त मागे. तोपर्यंत एवढ्या कमी वयात कुणीच फॉर्म्युला वन जिंकली नव्हती.

खरी गंमत पुढे आहे. थोरला संघ, म्हणजे रेड बुल रेसिंग, तोवर एकही शर्यत जिंकला नव्हता. त्यांचा पहिला विजय २००९ला चीनमध्ये, तोही फेटेलनेच मिळवून दिला, कारण तोवर त्याला वर नेलं होतं. २००८च्या तक्त्यात टोरो रोसो सहावा आणि थोरला सातवा. टोरो रोसोचे त्या एका हंगामातले गुण ३९. मिनार्डीचे एकवीस वर्षांचे ३८ आठवा. तेच गाव, तोच कारखाना आणि त्यातली बरीच माणसंही मिनार्डीच्या काळातलीच.

संघाचा दुसरा विजयही मोन्झालाच, त्याबद्दल खाली येईल.

धाकट्या संघाला थोरल्याचीच गाडी मिळायची का?

सुरुवातीला जवळपास तीच. २००८ला दोघांचा सांगाडा एकाच घरात आखलेला होता, इंजिनं वेगळी: टोरो रोसोला फेरारीचं, रेड बुलला रेनोचं. २०१०पासून नियमाने प्रत्येक संघाला स्वतःची गाडी स्वतःच बांधणं भाग पडलं, तेव्हा फाएंझाचा कारखाना वाढवावा लागला. २०१८ला होंडाचं इंजिनही आधी धाकट्याच्याच गाडीत लावून बघितलं, नीट चालतंय म्हटल्यावर २०१९ला थोरल्याने घेतलं. म्हणजे चालकांचीच नाही, इंजिनाचीही परीक्षा इथेच.

सतरा वर्षांच्या पोराला गाडी दिली होती, हे खरं का?

खरं. मॅक्स व्हर्स्टापेन मार्च २०१५मध्ये मेलबर्नला टोरो रोसोच्या गाडीत उतरला तेव्हा १७ वर्षं १६६ दिवसांचा होता. रस्त्यावर गाडी चालवायचं लायसन्स त्याच्याकडे नव्हतं. ते त्याने त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, अठराव्या वाढदिवशी काढलं. तोवर तो ताशी तीनशेच्या वर गाडी पळवून गुणही कमावून बसला होता. आमच्या एमएच-२० च्या आरटीओत आठचा आकडा काढताना पाय टेकला म्हणून नापास झालेला मी, ही बातमी वाचून बराच वेळ गप्प होतो.

त्यानंतर नियम बदलले. २०१६पासून फॉर्म्युला वनच्या सुपरलायसन्ससाठी (तिथे गाडी चालवायच्या परवान्यासाठी) वय किमान १८, रस्त्याचं लायसन्स आणि खालच्या स्पर्धांतून तीन वर्षांत ४० गुण लागतात. फॉर्म्युला टूच्या पहिल्या तिघांना ते एका हंगामात मिळतात. फॉर्म्युला फोर जिंकणाऱ्याला मात्र १२च. २०२४ला सतरा वर्षांच्या एखाद्याला अपवाद म्हणून सवलत देण्याची फट ठेवली गेली.

चालकांना हंगामाच्या मध्येच काढतात म्हणे?

काढतात, आणि ज्या पद्धतीने काढतात ती मला पटत नाही.

डानिल क्व्याट: एप्रिल २०१६मध्ये चीनमध्ये रेड बुलसाठी तिसरा आला. पुढच्या शर्यतीत, रशियात, पहिल्याच फेरीत फेटेलच्या गाडीला दोनदा धडकला. लगेच त्याला टोरो रोसोत परत पाठवलं आणि व्हर्स्टापेनला वर बसवलं. स्पेनमधल्या त्या पहिल्याच शर्यतीत व्हर्स्टापेन जिंकला, वय १८ वर्षं २२८ दिवस. आता बोलणार कोण? त्या एका विजयाने सगळ्या अदलाबदलींना कायमचा दाखला मिळाला.

पिएर गास्ली: २०१९ला थोरल्या संघात बारा शर्यती, मग खाली, त्याच्या जागी अलेक्स आल्बन. गास्लीने फाएंझात परत येऊन मान खाली घालून काम केलं. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये दुसरा आला. आणि ६ सप्टेंबर २०२०ला मोन्झात जिंकला. शर्यत मध्येच थांबली होती, आघाडीवरच्या लुईस हॅमिल्टनला शिक्षा झाली होती, नशिबाचा भाग होताच. पण शेवटच्या फेऱ्यांत मागून साइन्झ येत होता (तोही याच दावणीचा जुना गडी), आणि गास्लीने त्याला अर्ध्या सेकंदाहून कमी फरकाने रोखलं. समारंभ झाल्यावर तो चौथऱ्यावर बराच वेळ एकटा बसून राहिला. समोर प्रेक्षक नव्हते, करोनाचं वर्ष. ते चित्र मी विसरलेलो नाही.

लियाम लॉसनला तर २०२५ला थोरल्या गाडीत दोनच शर्यती मिळाल्या. त्याच्या जागी युकी त्सुनोदा गेला आणि हंगाम संपल्यावर त्याचीही जागा गेली. ती वरची दुसरी गाडी चालवायला अवघड आहे, हे एव्हाना सगळ्यांना कळलंय. इतके हुशार चालक एकाच जागेवर एकामागून एक नापास होत असतील, तर एकदा पेपरही तपासावा. कारखान्यात सलग पाच कारागिरांचा जॉब रिजेक्ट झाला तर आम्ही आधी मशीन बघायचो.

गळालेल्या पोरांचं पुढे काय होतं?

आई-बापांनी हे उत्तर आधी वाचावं. रेड बुलच्या काळात इथून गेलेले दोघेच जगज्जेते झाले, फेटेल आणि व्हर्स्टापेन, प्रत्येकी चार वेळा. रिकार्डो आणि साइन्झ यांनी इतर गाड्यांत शर्यती जिंकल्या. बाकीच्यांचं काय?

सेबास्टियन ब्युएमी आणि हाइमे अल्ग्वेरसुआरी या दोघांना २०११च्या शेवटी एकदमच नारळ दिला. ब्युएमीने पुढे ले मान्स चार वेळा जिंकली आणि विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई स्पर्धाही. अल्ग्वेरसुआरी पंचविसाव्या वर्षी रेसिंग सोडून डीजे झाला. जाँ-एरिक व्हेर्न फॉर्म्युला ई दोनदा जिंकला. ब्रेंडन हार्टलीला ज्युनियर टीममधून २०१०ला काढलं, त्याने ले मान्स जिंकली, आणि मग चालकांची चणचण पडली तेव्हा २०१७ला त्यालाच परत बोलावलं. आल्बनलाही ज्युनियर असताना काढलं होतं, २०१९ला परत घेतलं.

म्हणजे चाळणीतून खाली पडलेलं सगळंच फोलपट नसतं. चाळणीची भोकं कुणी पाडली तेही बघायचं.

भारतीय कुणी या संघात होता का?

शर्यत कुणी चालवली नाही. नील जानी हा वडिलांकडून भारतीय वंशाचा स्विस चालक २००६ला टोरो रोसोचा राखीव होता, शुक्रवारच्या सरावात उतरायचा. मुंबईचा जेहान दारूवाला २०२० ते २०२२ रेड बुलच्या ज्युनियर टीममध्ये होता. २०२०च्या डिसेंबरमध्ये बहारीनला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. तीन हंगामांत चार शर्यती जिंकून तो दारापर्यंत पोचला, दार उघडलं नाही. २०२६साठी रेसिंग बुल्सने जो नवा पोरगा घेतला, तो अर्विद लिंडब्लाड, ब्रिटिश चालक, वडील स्वीडिश आणि आई भारतीय वंशाची.

मिनार्डीशी आपलं एक गमतीशीर नातं मात्र आहे. १९ जून २००५, इंडियानापोलिस. टायरच्या भांडणात चौदा गाड्या सुटण्याआधीच आत गेल्या आणि सहाच धावल्या. नारायण कार्तिकेयन जॉर्डन नावाच्या संघाच्या गाडीत चौथा, आणि त्याच्या मागे पाचवी-सहावी दोन्ही मिनार्डी. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय त्या दिवशी या संघाच्या पुढे होता.

आमचं लेकरू आठ वर्षांचं आहे, गाडीचं लई वेड आहे. काय करावं?

आधी त्याला खरी कार्ट दाखवा. मॉलमधली नाही. रेसिंग कार्टला गिअर नाही (निदान पोरांच्या गटात), स्प्रिंग नाही, डिफरन्शियल नाही. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, एकाच वेगाने फिरतात. म्हणून वळताना आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं जावं लागतं, नाहीतर कार्ट सरळच जाते. ते उचलणं स्टिअरिंगच्या कोनावर आणि अंगाच्या भारावर चालतं. जे पोरगं हे बुडाने ओळखतं, त्याच्यात काही आहे. ज्याला नुसता आवाज आवडतो त्याला सायकल घेऊन द्या.

मराठवाड्यात राहून हे करायचं तर प्रवास आला. कोल्हापूरला ट्रॅक आहे, त्यापुढचं बरंचसं दक्षिणेत: कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा ट्रॅक. स्पर्धेसाठी एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटारशर्यतींच्या संघटनेचं, लायसन्स लागतं. २०२३पासून भारतात फॉर्म्युला फोरही सुरू आहे, तिथे पंधरा वर्षांपासून उतरता येतं. खर्चाचं स्पष्ट सांगतो: कार्टिंगचा एक हंगाम नोकरदार घराला जड जातो, आणि युरोपात फॉर्म्युला थ्री-टूला गेलं की आकडा कोटींत जातो. जमीन विकून करायचं काम हे नाही. कुणी तसा सल्ला दिला तर चहा पाजून निरोप द्या.

समृद्धी महामार्गावर सराव केला तर?

नाही. प्रश्न पुन्हा विचारू नये.

मुलींना इथे वाव आहे का?

कार्टिंगमध्ये मुलगा-मुलगी एकाच शर्यतीत धावतात, वेगळा गट नसतो. २०२३ला फक्त मुलींसाठी एफवन अकॅडमी ही स्पर्धा सुरू झाली आणि २०२४पासून फॉर्म्युला वनचा प्रत्येक संघ तिथे एकेका मुलीला पाठबळ देतो, फाएंझाचाही. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत मात्र १९७६नंतर एकही बाई उतरलेली नाही. फट उघडलीय, दार नाही.

गाडी चालवायची नाही, पण या कामात शिरायचंय.

हा माझा आवडता प्रश्न, आणि फार कमी जण विचारतात. गाडीत एक जण बसतो, त्याच्या मागे शेकडो लोक काम करतात. इंजिनिअरिंगला असाल तर कॉलेजच्या संघातून बाहा किंवा फॉर्म्युला भारतला उतरा. तिथे पोरं स्वतः गाडी आखतात, वेल्डिंग करतात आणि पळवून दाखवतात. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यात दुचाकी आणि चारचाकीचे सुटे भाग बनवणारे इतके कारखाने आहेत, की मायक्रॉनमध्ये मोजायला शिकण्यासाठी इटलीला जावं लागत नाही. मोजता आलं पाहिजे. गिअरबॉक्सला तो फाएंझाचा आहे की वाळूजचा हे कळत नसतं.

सुरुवात कुठून करू? कुठली शर्यत आधी बघू?

२०२५ची हॉलंडची बघा. इझाक हाजार, त्या वर्षीचा नवा पोरगा. मार्चमध्ये पहिल्याच शर्यतीत, अजून झेंडाही पडला नव्हता, सुटण्याआधीच्या संथ फेरीत ओल्या रस्त्यावर गाडी भिंतीला नेली. रडत परत येत होता, तेव्हा लुईस हॅमिल्टनच्या वडिलांनी जवळ घेतलं. ऑगस्टच्या शेवटी तोच हॉलंडमध्ये तिसरा आला. चषक चिनीमातीचा होता. संघासोबत फोटो काढताना तो त्याच्या हातात फुटला. संघ भांडी बनवणाऱ्या गावचा, म्हणून मी फार हसलो.

शर्यत किती वाजता असते?

युरोपातली बहुतेक संध्याकाळी साडेसहाला. अमेरिकेतल्या रात्री उशिरा, ऑस्ट्रेलियाची सकाळी. गावाकडून बघणार असाल तर लोडशेडिंगचा वार आधी विचारून ठेवा. २०२०च्या मोन्झाच्या शेवटच्या आठ फेऱ्या मी जालना रोडवर एका टपरीत, पानवाल्याच्या मोबाईलवर पाहिल्या.